मित्राच्या बैलाचा पहिला नंबर

कुठल्याही माणसाला त्याची गोष्ट त्याच्या तोंडावर सांगायची नाही, असा पण करूनच माझ्या बहिणीचे धाकटे दीर जन्माला आले असावेत. आमटी खारट झाली तर ते बायकोला सांगत नसत. परसात जाऊन म्हशीला सांगत, तेही स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात. मंचरला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मुलांचं चुकलं की ते प्रिंटरवर डाफरायचे. बैलगाडा शर्यतीत घाटावरचा, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीवरचा, माईक मात्र त्यांच्याच हातात असे, कारण माईकवर कुणा एकाशी बोलावं लागत नाही.

तिथंच घात झाला. त्यांचा आणि त्यांच्या एकुलत्या जिवलग मित्राचा एकेक बैल एकाच गाड्याला जुंपलेला असे. एका यात्रेत गाडा मागं पडला आणि आमच्या ह्या पाहुण्यांनी दोष मित्राच्या बैलाला दिला, तोही माईकवरून, साऱ्या गावासमोर. मित्र अबोला धरूनच मस्कतला कामाला गेला.

"सरळ फोन करा की," मी म्हणालो.

"फोनवर काय बोलायचं, पावणं?" असं म्हणून हा गृहस्थ कितीतरी महिने खपला आणि त्यानं बैलगाडा शर्यतीचा कॉम्प्युटर गेम तयार केला. त्यात मित्राचा बैल सगळ्यांत चपळ! मग मला म्हणाले, "ह्याला जरा नेटवर चढवा. त्यो तिकडून खेळंल, पानावर त्याचं नाव पयलं दिसंल. लई झालं मला."

मी तेव्हा इंजिनियरिंगला, म्हणजे मला सगळंच येत होतं. गुणांच्या यादीचा एक आयता प्रोग्राम उचलून मी फुकटच्या वेबसाइटवर चिकटवला, खाली अभिप्रायाची चौकटही दिली. मित्राच्या भावाकरवी पत्ता मस्कतला धाडला, क्लासच्या पोरांनाही वाटला. आणि यात्रेच्या दिवशी मित्र खरंच खेळला! आम्ही पान उघडलं, तर त्याचं नाव पार तळाशी. आयता प्रोग्राम मोठ्या आकड्याला वर बसवत होता. घाटात कमी सेकंदांत येणारा जिंकतो, हे लहानपणापासून तिथं घसा फोडत आलेल्या मला सुचलंच नव्हतं. घाईघाईनं क्रम उलटा केला, तर ज्यांचे गाडे वाटेतच बाद झाले ते शून्य सेकंदवाले सगळे डोक्यावर! तेवढ्यात चौकटीत मस्कतहून एक ओळ उमटली : "गेममदी बी माझाच बैल मागं व्हय?"

पाहुणे मला काही बोलले नाहीत. प्रिंटरला म्हणाले, "शिकल्याली मानसं हायती, बाबा."

चूक दुरुस्त करून मी मित्राच्या भावाकडे गेलो. "आता त्यो तुमचं नाव बी आयकत न्हाई," असं म्हणून त्यानं मला चहा पाजून वाटेला लावलं. पानावर मित्राचा नंबर पहिला झाला, पण बघायला तो आला नाही. पाहुणे मात्र रोज क्लास उघडला की आधी ते पान उघडत, चौकटीत काहीतरी टाइप करत आणि पुसून टाकत. "उद्या लिवतो," म्हणत.

पुढं ती फुकटची वेबसाइटच बंद पडली. कोऱ्या पडद्यापुढचा कीबोर्ड त्यांनी बाजूला सारला.

"लई न्हवतं लिवायचं, पावणं," ते म्हणाले. "त्याच्या वळीखाली 'नाय रं' एवढंच लिवायचं व्हतं."