ओळ मोडून आलेली बाई

काय बाई होती ती! धानाच्या रोवणीला परगावाहून आलेली, नावही ठाऊक नाही. सगळ्या गात होत्या, मी एकटीच गप्प. ती ओळ मोडून माझ्या बाजूला आली आणि रोपं लावता लावता सरळ विचारलं, "पोरी, जीव द्यावासा वाटून राह्यला का तुले?"

मी हो म्हटलं. तिचा हात थांबला नाही. "बरं केलं सांगतलं. आता तुले एकटी सोडत नाही. उद्या दोघी डॉक्टरकडे जाऊ."

संध्याकाळी मला घरच्यांच्या हाती सोपवूनच ती गेली, आणि सकाळी खरंच दारात हजर!

आज आमच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, रोवणी करताना शेजारची नवी सून गप्प आहे. ओळ मोडून मी तिच्याकडे निघाले आहे.