पाण्यात न भिजवलेलं बटण

युद्धामुळे विलायती माल यायचा थांबला, तेव्हा बेळगावात एका लहानशा कारखान्यात विजेची बेकलाइटची बटणं तयार होऊ लागली. त्यांतून वीज पाझरते का, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. बटण एक दिवस, एक रात्र पाण्यात ठेवायचं, पुसायचं, मग मेगर यंत्राच्या तारा लावून मूठ फिरवायची. काटा शून्याकडे घसरला की बटण बाद. बेकलाइटच्या भुकटीत लाकडाचा भुसा असतो आणि तो पाणी पितो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या सुमारास निपाणीला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी वीज आली. तिच्या स्वयंपाकघरात माझ्या कारखान्याचं बटण लागावं, याचा मला भारी हुरूप. सकाळची मोटार गाठायची होती, म्हणून एक बटण कोरडंच तपासलं. काटा हलला नाही. वहीत मात्र 'भिजवून तपासले' असं लिहिलं. निपाणीत ते माझ्या हातानं बसवलं आणि विलायतीच्या तोडीचं आहे, म्हणून घरभर फुशारकी मारली.

त्या घरात मडी, म्हणजे सोवळं, फार कडक. आक्का पहाटे अंघोळ करून ओलेत्यानंच चुलीपाशी जायची. हेही मला ठाऊक होतं.

आठ दिवसांत निरोप आला. बटणाला हात लावताच आक्का फेकली गेली होती आणि तिच्या उजव्या हातातलं बळच गेलं होतं. मी पोचलो तेव्हा तिच्या सासूबाई म्हणत होत्या, मडीत नको ते शिवल्याचं हे फळ. दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, बटणात तर खोट नाही ना?

"तपासूनच आणलंय," मी म्हणालो. इतका नीच मी त्याआधी कधी वागलो नव्हतो.

भिंतीवरून काढलेलं ते बटण आक्कानं पुसून ठेवलं होतं. डाव्या हातानं माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझंच चुकलं रं. वल्या हातानं धरलं. तुला कारखान्यात बोलणी तर बसायची न्हाईत न्हवं?"

बेळगावात ते पाण्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मूठ फिरवली, तर काटा सरळ शून्यावर. मग चांगलं भिजवून तपासलेलं दुसरं बटण नेऊन बसवलं, पण खरं काय ते बोललो नाही. वहीतली ओळही तशीच राहिली.

आक्काचा हात पुढे बरा झाला. बटणाला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही, पहाटे चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करायची. मी मुक्कामाला असलो की तेवढी हाक मारायची, "दिवा लावतोस का रं? तुला कळतंय त्यातलं."

मी उठून दिवा लावत असे.