डॉक्टर खरं काय म्हणाले होते

माझ्या आईचं मी नुकसान केलं. तिच्या गुडघ्याचे टाके निघायच्या आदल्या सोमवारी, दुपारी, दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत उभी राहून. हे कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या गटातसुद्धा नाही — आणि आम्ही तर रुग्णांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारे, ‘प्रश्न विचारा’ म्हणून ओरडणारे लोक.

आई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सरकारी पॅनेलवरच्या एका खासगी हॉस्पिटलात तिचा गुडघा बदलला. घरी आल्यावर टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी यायला लागलं, पट्टी ओली व्हायची. मी फोटो पाठवला आणि वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरचा फोन आला. तरुण, घाईतला आवाज.

“कल सुबह ही ले आइए. खोलकर धोना पड़ेगा. और अपने मन से कोई एंटीबायोटिक मत दीजिएगा.”

उघडायचं? आत्ताच शिवलेला गुडघा? मला लगेच वास आला — पेशंट सरकारी कर्मचारी, बिल सरकार भरणार, मग थिएटरमध्ये पुन्हा न्यायला यांचं काय जातंय? खासगी हॉस्पिटलांवरचा तो संशय आजही गेलेला नाही माझा. पण त्या दिवशी मी संशयाचं काय केलं? दुसऱ्या डॉक्टरला विचारलं? आईला विचारलं? गुडघा तर तिचा होता.

मी आत गेले आणि सांगितलं — डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, गोळ्या घे.

गोळ्या मी जवळच्या मुनिरकातल्या केमिस्टकडून आणल्या. अँटिबायोटिक, चिठ्ठीशिवाय. त्याविरुद्धही आम्ही एकदा पत्रक काढलं होतं, तेही इथे लिहून ठेवते.

टाक्यांभोवतीचा लालसरपणा उतरला. मी किती खूश होते म्हणून सांगू — हॉस्पिटलला मी पकडलं होतं ना! मग ताप आला, गुडघा सुजून तापला. तोवर जंतू आतल्या धातूवर घर करून बसले होते. पुन्हा हॉस्पिटलात नेलं तेव्हा मोठ्या सर्जननी सांगितलं, वेळेत धुतलं असतं तर बहुधा सांधा वाचला असता. आता सगळा काढावा लागेल. त्यांनी विचारलं, घरी काही औषध दिलंत? मी म्हणाले, नाही.

एका दमात. नाही.

गोळ्यांमुळे तपासणीत जंतू सापडलाच नाही. मग अंदाजाने जड औषधं, आठवडेच्या आठवडे सलाईनमधून. गुडघ्याच्या जागी औषध भरलेला सिमेंटचा तुकडा. “पायाचा मेट्रोचा खांब झालाय यार माझ्या,” आई नर्सना हसून सांगायची, आणि मग खाल्लेलं सगळं ओकायची. मी भांडं धरायचे. शिव्या ती हॉस्पिटलला द्यायची.

आणि मी? मी पत्रक लिहिलं. ‘इन्फेक्शन कुणी लपवलं?’ — शीर्षक माझंच. कॉलनीच्या हॉलमध्ये सभा घेतली. आई वॉकर धरून उभी राहिली आणि माइकवर बोलली, की डॉक्टर म्हणाले होते, काही विशेष नाही. तिने त्या ज्युनिअर डॉक्टरचं नाव घेतलं. ती अगदी मनापासून बोलत होती, म्हणूनच लोकांना पटलं. हॉस्पिटलने चौकशी लावली, तीत मीही तेच सांगितलं. फोन आल्याचं कबूल केलं — आणि माझे शब्द त्याच्या तोंडी घातले. त्याला वॉर्डातून काढल्याचं कळलं तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. त्यात माझीही एक होती.

आता नवा सांधा बसलाय. पाय पुरता वाकत नाही. क्वार्टरचा जिना ती एकेक पायरी, कठडा धरून उतरते.

काल आईला सांगितलं. मला वाटलं होतं, पायाबद्दल बोलेल. तिने पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून, आणि पुन्हा सांगायला लावलं. मग बराच वेळ गुडघा चोळत बसली.

“पाय माझा आहे, मी बघून घेईन,” ती म्हणाली. “पण त्या पोराबद्दल माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू. शंभर माणसांसमोर.”

 

आज सकाळी हॉस्पिटलला लेखी कळवलं आहे. त्यामुळे त्या डॉक्टरला त्याची जागा परत मिळेल का, मला माहीत नाही. मला माफ करा, असं तुम्हाला म्हणत नाही. आमचं पत्रक तुम्ही पुढे पाठवलं असेल, तर जिथे जिथे पाठवलंत तिथे आजच लिहा: डॉक्टरांनी बोलावलं होतं. मुलीने नेलं नाही.