नवरी गाडीत बसेपर्यंतचा सूर

बँडवाले दगडूकाका आज गेले. या माणसाने माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं जगात कुणी खाल्लं नाही.

अंबडच्या आमच्या गल्लीत शेजारीच राहायचे. लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे, उरलेल्या वेळात सगळ्यांच्या चुका काढायचे.

२००० नंतरची गोष्ट. कोर्टाजवळ माझं छोटं डीटीपीचं दुकान होतं. काका आले आणि स्टूल ओढून थेट कॉम्प्युटरसमोर बसले.

"सुनीचं लग्न काढलंय. पाठवणीची माझी चाल कागदावर उतरवून दे."

सुनीता त्यांची एकुलती एक. नवरीचा बाप स्वतः कसा वाजवणार? वाजवणार होता त्यांचा चेला रफिक.

"मग रफिकला वाजवून दाखवा ना."

"ऐकून शिकला की त्यो मधीच सिनेमाचं घुसडतो. कागदावर असलं की हलत न्हाई."

रफिक जालन्यात नोटेशन वाचायला शिकला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी कुठून तरी नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरची सीडी मिळवली आणि हेल्प वाचत बसले.

तिथे प्रत्येक सुराची लांबी आधी सांगावी लागते. पाव, अर्धा, पूर्ण. बारमध्ये, म्हणजे ठरावीक मात्रांच्या एका घरात, जागा उरली की ते स्वतःच शांततेची खूण टाकून मोकळं.

"मी कुठं थांबलो इथं?" काका स्क्रीनवर बोट आपटायचे.

टेम्पो, म्हणजे चालीचा वेग, आधीपासूनच १२० होता. मी प्ले दाबलं.

"नवरी पळून चालली का?"

६० केला.

"आता मयत चाललं."

शेवटी प्रिंटरपासून दारापर्यंत काका स्वतः नवरीसारखे चालून दाखवायला लागले. डोक्यावर रुमालाचा पदर! बाहेर गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि मी काकांच्या पावलांवर आकडा जुळवत बसलेली.

त्यातच लाइट गेली. फाइल सेव्ह नव्हती. सगळं पहिल्यापासून.

आणि मग आला तो शेवटचा सूर.

"काका, हा किती मात्रा?"

"नवरी गाडीत बसेपर्यंत."

"आकडा सांगा. कॉम्प्युटरला नवरी दिसत नाही."

"मंग काय कामाचा त्यो?"

मी चिडून चार पूर्ण सूर एकाला एक जोडून दिले.

"अन् आईनं गळा सोडलाच न्हाई तं?"

मी रडायचीच बाकी होते. शोधता शोधता एक खूण सापडली. अर्धगोल, खाली टिंब. सुरावर ती ठेवली की बँडमास्तर हात खाली करेपर्यंत सूर धरायचा.

काकांनी ती खूण पुन्हा पुन्हा पाहिली. "आता बराबर. हात मी करीन."

लग्न झालं. पाठवणीला फेटा बांधलेले काका हात वर करून उभे. रफिकने कागदाबाहेर एक सूर लावला नाही. सुनी आईच्या गळ्यातून सुटली, जीपमध्ये बसली, दार लागलं.

काकांचा हात वरच.

रफिक लालबुंद. श्वास तुटायचा, घ्यायचा, पुन्हा तोच सूर. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी हात वरच.

मी ओरडले, "काका, हात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे वाहत होते.

"बराबर बसली ना गं ती?"

"कधीच बसली, काका!"

तेव्हा कुठे हात खाली आला.

आज काकांना न्यायला गाडी आली. रफिकचे केस पांढरे झालेत, पण चाल तीच वाजवली. पळती नाही, मयताचीही नाही. शेवटच्या सुराला त्याने इकडेतिकडे पाहिलं. मास्तर कुठे होते हात करायला?

सुनीने हात वर केला.

काकांना गाडीत ठेवलं. दार लागलं. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली. हिचा हात वरच! बाप परवडला, पण ही लेक नको.

"सुने, गेली गाडी."

"रफिकभाई वाजवून राह्यले ना अजून."

"तुझा हात वर आहे म्हणून वाजवतायत, बाई!"

ती ऐकेना. शेवटी तिचा हात माझ्या हातात घेतला आणि मीच खाली आणला. सूर थांबला. मग आम्ही दोघी रस्त्यातच रडलो.

काका, बराबर बसलात ना?

निघा आता.