जादा गाड्या

आमचे शेजारी भेटणाऱ्या प्रत्येकाचा कान आपल्या छातीजवळ ओढून घेत. "ऐका, ऐका, घड्याळ चालू हाय!" हृदयात बसवलेली धातूची झडप खरोखरच टिकटिक करी. गल्लीतली मुले ऐकायला गर्दी करत, आणि हे निवृत्त एसटी वाहक त्यांना दटावत, "ढकलाढकली नगं, समद्यांना जागा हाय!"

येडशीला त्यांच्या-आमच्या घरांमध्ये एकच भिंत. मी शाळेत विज्ञान शिकवलेले, म्हणून त्यांच्या औषधांच्या शंका माझ्याकडे येत. झडपेवर गुठळी धरू नये यासाठी त्यांना रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागे. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. वाट फार अरुंद होती.

त्यातच त्यांना क्षय झाला. क्षयाची लाल गोळी सुरू झाली आणि रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी अपुरी पडू लागली. डॉक्टर ती वाढवत गेले, तसे हे चिडले.

"गुरुजी, गोळी तीच, मानूस तोच. मग कमी कशी पडती?"

मी पायरीपायरीने सांगितले. यकृताच्या पेशीत एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. क्षयाचे औषध त्याला चिकटले, की ते केंद्रकातील काही जनुकांना जागे करते, आणि औषधे मोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, भराभर तयार होतात. औषध कोणत्या आजाराचे, हे ती विकरे पाहत नाहीत. समोर येईल ते मोडतात.

त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तुळजापूरच्या यात्रेच्या जादा गाड्या! सोडल्या यात्रेसाठी, पन कामावर जानारा बी त्यातच बसून जातोय."

"बरोबर. पण यात्रा संपली की जादा गाड्या हळूहळू आगारात परततात. मग तुमची वाढवलेली गोळी अंगातच साठेल. म्हणून क्षयाची गोळी थांबली की रक्त तपासत राहायचे, आणि ही गोळी कमी करत आणायची."

"व्हय की! गाड्यांचं मला शिकिवताय व्हय?"

तुम्हीही पाहिले असेल, आपल्याकडे बरा झालेला माणूस आधी देवाकडे जातो. त्यांचे मूळ गाव अणदूर. तिथला खंडोबा दरवर्षी नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि गाव त्याच्यासोबत चालते. क्षयाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा देव निघायच्या बेतात होता. पेढ्यांचा पुडा घेऊन ते माझ्या दारात आले.

"आधी रक्त," मी म्हणालो.

"आजारात नवस बोललोय. देवाला पोचवून येतो, मग काढा म्हनावं लई रगात."

"ह्यांनी कवा कुनाचं ऐकलंय?" मागून त्यांच्या पत्नी हसत म्हणाल्या.

वाढवलेली गोळी मात्र त्यांनी नेमाने सोबत नेली, नेमाने घेतली.

देवापाशी मुक्काम लांबला; तीन आठवड्यांनी नळदुर्गहून परतल्यावर डोके दुखू लागले. दुपारी जेवताना हातातली भाकरी सुटली. मेंदूत रक्तस्राव झाला आहे, असे रुग्णालयात सांगितले. शुद्ध परत आलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"गुरुजी, क्षय तर गेलता. मग हे कशानं गेले?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले: ग्राही, विकरे, पुन्हा झोपी गेलेली जनुके, अंगात साठत गेलेली गोळी.  त्या पदर सावरत म्हणाल्या, "म्हंजे, बरे झाले म्हनून गेले व्हय?"

 

"होय," मी म्हणालो.