चक्कीला दिलेलं आवतण

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र जात नाही. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, तरी भर दुपारी वारा सुटला आणि कुठं पत्रा वाजला की मी हातातलं काम थांबवतो. बायको म्हणते, "आली वाटतं तुमची चक्की." तिला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला आज सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही, गावाचंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची काही वर्षं. मी उमरगा भागात फौजदार होतो. मूळचा मी कोकणातला. पाऊस, भात आणि मासे एवढंच बघून मोठा झालेला माणूस, त्यामुळं तिकडच्या चालीरीती मला बदलीबरोबर शिकाव्या लागल्या. काही उशिरा शिकलो.

कर्नाटकच्या हद्दीजवळ माळावर एक गाव होतं. तिथल्या सहकारी सोसायटीनं एका परदेशी संस्थेशी करार करून पाणी उपसणारी पवनचक्की बसवून घेतली होती. डिझेल नको, वीज नको. वारा आला की चक्र फिरणार, बोअरचं पाणी टाकीत पडणार. यंत्र त्यांचं, जागा आणि मजुरी गावाची. पाणी गावातल्या सगळ्या घरांना सारखं, असं करारात स्पष्ट लिहिलेलं. तो करार काचेत घालून सोसायटीच्या भिंतीला लावला होता. ही चक्की नीट चालली तर आजूबाजूच्या गावांनाही मिळायच्या होत्या, म्हणून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

गावात शंकराची भक्ती करणारे शेतकरी जास्त, घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे. ते सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत. बैल म्हणजे बसवण्णा, त्याला आठवड्याचा एक दिवस विसावा. चक्की पाणी ओढते म्हणजे तीही बैलच, असं त्यांनी ठरवलं आणि सोमवारी चक्की बांधायला लागले. खाली एक लोखंडी दांडा होता. तो ओढला की तार ताणली जाऊन वरचं शेपूट दुमडायचं, चक्र वाऱ्याला आडवं होऊन थांबायचं. रविवारी संध्याकाळी दांड्याला साखळी आणि कुलूप. किल्ली गावातल्या एका म्हाताऱ्या अप्पांच्या कमरेला. परदेशी लोकांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगायलाही गेलं नाही.

चक्की सांभाळायला संस्थेनं बौद्ध वस्तीतला एक तिशीचा माणूस शिकवून तयार केला होता. हुशार, कमी बोलणारा. एका सोमवारी सकाळी तो चक्कीच्या पायथ्याशी मरून पडलेला सापडला. डोकं दगडावर आपटलं होतं. मी तेव्हा रजेवर होतो. हवालदारांनी अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. खिशात पक्कड सापडली, वर तार सुटलेली होती. सोसायटीच्या चेअरमननी लगेच लेखी दिलं, की मयत तार चोरायला चढला होता. झालं! चोर मेला, गाव मोकळं.

मी परत आलो तर टेबलावर एक निनावी कार्ड. पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी. "रविवारी अप्पानं चक्कीला जेवायचं आवतण दिलं. सोमवारी ती जेवली."

असली कार्डं ठाण्यात रोज येतात. भाऊबंदकीतून निम्मी, उरलेली रिकामटेकड्यांची. पण हे मला फाडवेना, खोटं कशाला सांगू? मी हवालदारांना बोलावलं. ते त्याच भागातले, नोकरीत मुरलेले. कार्ड वाचून ते खुर्चीत बसले. माझ्यापुढं ते कधी न विचारता बसत नसत.

"साहेब, आनि एक गोष्ट हाय," ते म्हणाले. "सोमवारी ती चक्की आपोआप फिरती. लई महिनं झालं. खाली कुलूप तसंच. मानूस मेला त्या दिवशीबी त्याच्या अंगावर सावली टाकत फिरत व्हती. मंगळवारी उमरग्याचा मिस्त्री आनून तार बसवली. तरी या सोमवारी परत फिरली."

"या सोमवारी? तो माणूस मेल्यावर?"

"व्हय. गावातलं कुणी सोमवारी तिकडं फिरकत न्हाय. माळाकडची दारं लावून घेत्यात."

मी गावात गेलो. चेअरमननी चहा पाजला आणि तीन वेळा सांगितलं, की परदेशी साहेब पाहणीला येणार आहेत, त्याआधी हे मिटवा. वरून माझ्याही साहेबांचा तोच निरोप होता. मयताची बायको वस्तीत भेटली. मी विचारलं, तुझा नवरा पहाटे वर कशाला चढला? ती गप्प. पक्कड कशाला नेली? गप्प. शेजारच्या बायका गप्प. तासभर डोकं फोडून घेतलं. शेवटी मी उठलो तेव्हा ती एवढंच बोलली, "सायेब, माजा नवरा चोर न्हवता. तेवडा शब्द खोडा. दुसरं मला काय नगं."

माणूस खोटं बोलायला लागला की आम्हाला सोपं जातं, खोट्याला शेपूट असतं. गप्प माणसाचं काय धरायचं? आणि गंमत अशी, की तिला हवं होतं तेच मला शोधायचं होतं, तरी ती मला मदत करत नव्हती. याचा मला फार राग आला होता.

पुढच्या सोमवारी मी आणि हवालदार माळावर जाऊन बसलो. दुपारचे बारा. सावली नावालाही नाही. श्रावण संपून भादवा लागला, तरी पावसाचा पत्ता नव्हता. गावाच्या या बाजूची सगळी दारं खरंच बंद. कुत्रंसुद्धा दिसेना. कुलूप मी हातानं ओढून पाहिलं, घट्ट होतं. वारा पडलेला होता. मग लांबून धूळ उठली, वारा आला आणि वरचं शेपूट हळूच उघडलं. चक्र वळलं, थांबलं, आणि फिरायला लागलं. त्यातून जो आवाज निघाला तो बाईच्या रडण्याचा होता. हुंदका, मग लांब सूर, मग पुन्हा हुंदका. टाकीत पाणी पडायला लागलं. हवालदारांनी डोळे मिटून हात जोडले. मी जोडले नाहीत, पण भ्यालो होतो हे कबूल करतो.

भीती वाटली की मला संताप येतो. हा माझा जुना दोष. मी बूट काढले आणि शिडी चढायला लागलो. हवालदार खालून ओरडत होते, "साहेब, उतरा, लेकराबाळांचं बघा!" पहिल्या पायऱ्यांनाच हाताला चिकट लागलं. धूळ बसून काळपट झालेला थर. नखानं खरवडला तर आत पिवळं. वास घेतला. गोडंतेल आणि हळद.

वर गेलो. तारेचा आकडा शेपटापासून काढून ठेवलेला होता. म्हणजे खाली कुलूप असू दे नाहीतर नसू दे, तार मोकळी. पहाटे कुणीतरी चढून आकडा काढायचा, निघून जायचं आणि रात्री तो परत अडकवायचा. दुपारी वारा आला की चक्की आपसूक फिरणार, तेव्हा आसपास कुणीही नसणार. रडण्याचा आवाज म्हणजे तेल न मिळालेली दातेरी चाकं. तेल देणारा माणूसच मेला होता.

मग मी वस्तीच्या बाजूला पाहिलं. कोरड्या ओढ्यात, काठाला चिकटून वस्तीतल्या बायका ओळीनं उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं रिकामी घागर. एकही बोलत नव्हती. सगळ्या वर बघत होत्या, माझ्याकडं. मी जाण्याची वाट बघत होत्या.

आठवड्याचे सहा दिवस वस्तीला टाकीवर शेवटी यायला लागायचं, गावाचं सगळं भरून झाल्यावर. तोवर टाकीत गाळ उरायचा. सोमवारी गाव पाणी शिवत नव्हतं. तेवढा एक दिवस त्यांचा. गाव घाबरत होतं म्हणून त्यांना पाणी मिळत होतं.

खाली उतरून मी हात पुसत होतो. हवालदार माझ्या तळव्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मयताचे तळहातबी पिवळे व्हते. तळपायबी. म्या पंचनाम्यात घातलंय. पन त्या दिवशी पोळा व्हता, सगळ्या गावाचे हात पिवळे. म्हून ध्यानात घेतलं न्हाय." आणि पुढं म्हणाले, "पन त्याच्याकडं बैल कुठंय?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला खांदेमळणी समजावून सांगितली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे. वर्षभर जू ओढून सोललेले असतात ना. आणि त्यांच्या कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

अप्पांच्या घरी गेलो. ऐंशीला टेकलेला माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे. मी विचारलं तसं त्यांनी सरळ सांगितलं. "व्हय, म्या लावलं तेल. वरीसभर गावाला पानी पाजलं तिनं. तिचे खांदे कुठं असत्यात ते मला काय ठावं? हात पोचंल तिथवर पाय मळले, पायऱ्या मळल्या. आवतण दिलं. बसवण्णाच हाय ती माझी."

मग मी त्यांना मयताचे तळवे सांगितले. अंधारात खालच्या पायऱ्यांचं तेल हातापायाला लागलं आणि वर जाऊन तो घसरला. अप्पांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि बघत बसले.

"म्या मारलं त्याला," ते म्हणाले. "चला, घ्या मला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अप्पा."

"पन पहाटं तो वर कशाला गेला?"

"तेल द्यायला," मी म्हणालो.

"तेल तर तो रविवारी दुपारीच देतो," अप्पा पुटपुटले. मग त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांना कळलं. सोमवारी चक्की कोण फिरवत होतं आणि कशासाठी, ते सगळं कळलं. शेवटी ते म्हणाले, "लिवा तसंच. तेल द्यायला."

अप्पांकडं जाण्याआधी मी मयताच्या बायकोला विचारलं होतं. ओढ्यातच, बाकीच्या बायकांसमोर. तिला म्हणालो, "बाई, तुझा नवरा चोर नव्हता, हे मला आता पक्कं कळलं. त्यानं वस्तीच्या पाण्यासाठी तार सोडली, असा तुझा जबाब घेतो. चोर हा शब्द कायमचा जाईल."

"जबाब दिल्यावर गावाला कळंल?"

"कळणारच. लपून कसं राहील?"

तिनं घागरीकडं पाहिलं. तिच्याही तळव्यांवर शिडीचा काळपट पिवळा डाग होता. नवरा गेल्यावर तीच चढत होती. ती म्हणाली, "मग चोरच ऱ्हाऊ द्या."

पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी खुनी रडताना पाहिले, पण असा जबाब कुणी दिला नाही.

म्हणून मी अंतिम अहवालात लिहिलं: पोळ्याच्या सणानिमित्त यंत्रास तेल देण्यासाठी चढला असता पाय घसरून, कर्तव्यावर असताना, अपघाती मृत्यू. चोरीचा संशय निराधार. खाली सही केली. नोकरीत मी जाणूनबुजून लिहिलेलं हे एकच खोटं वाक्य. अप्पा सुटले, मयत सुटला, सोमवारचं गुपितही राहिलं. मी स्वतःवर खूश होतो.

महिन्याभरानं परदेशी साहेब आले. उंच, उन्हानं लाल झालेला, भला माणूस. चक्कीच्या पायथ्याशी टोपी काढून उभा राहिला. मग दुभाष्यामार्फत विचारलं, करारात लिहिल्याप्रमाणं पाणी सगळ्यांना मिळतं का? चेअरमन म्हणाले, हो. वस्तीतल्या बायकांना विचारलं, त्याही म्हणाल्या, व्हय. मग तो बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माझ्याकडं वळला. गणवेशातला माणूस खोटं बोलणार नाही असं वाटलं असेल त्याला. मी म्हणालो, "येस सर."

तेवढ्यात ती बाई पुढं आली. म्हणाली, नवऱ्याचं काम मला द्या, मला चढता येतं. साहेबाला इतका आनंद झाला की त्यानं टाळ्या वाजवल्या. पाहुण्यापुढं चेअरमनना नाही म्हणता येईना. फोटो निघाले. नंतर आजूबाजूच्या गावांनाही चक्क्या मिळाल्या असं ऐकलं. माझी तोवर बदली झाली होती.

पुष्कळ वर्षं मी हा किस्सा माझ्या चांगुलपणाचा म्हणून सांगत असे. ऐकणारे वाहवा करायचे. एकदा माझ्या धाकट्या मुलीनं ऐकला. ती तेव्हा वकिली शिकत होती. तिनं विचारलं, "बाबा, पण पाणवठ्यावर कुणाला अडवलं तर गुन्हा दाखल करायचा कायदा तेव्हा नव्हता का हो?"

होता. त्याची प्रत माझ्या टेबलाच्या खणात होती. कलम पाठ होतं. पंच, जबाब, अटक, सगळं माझ्या हातात होतं. एक गुन्हा दाखल केला असता तर ती टाकी सोमवारी नाही, सातही दिवस उघडावी लागली असती. ते मला सुचलंच नाही, असं नाही. सुचलं होतं. परदेशी साहेब येणार होते, चक्क्या अडकल्या असत्या, माझे साहेब चिडले असते, गावात तेढ वाढली असती. मी चार कारणं शोधली आणि एक खोटं वाक्य लिहून दयाळू झालो.

लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं? हेच शिकवलं, की पोलिसाची दया म्हणजे बहुतेक वेळा न केलेलं काम असतं. मला त्या बाईची कीव करायला कुणी नेमलं नव्हतं. कायदा माझ्या खणात पडून राहिला आणि ती बाई दर सोमवारी पहाटे, अंधारात, नवरा जिथून पडला त्या पायऱ्यांवर पाय देऊन वर चढत राहिली.