पलीकडच्या काठची वाट

आमच्या नरूदादाने बनारसहून कितीतरी लोकांच्या सायकली पहाडात पाठवल्या. स्वतःची पाठवायला मात्र त्याने आई जाईपर्यंत वाट पाहिली, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. सख्खा भाऊ आहे, तरी सांगते.

नरहर त्याचं पूर्ण नाव. कॅन्ट स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तो बाबू होता. आमचं घर ब्रह्मा घाटाच्या वर, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्लीत. घराण्यात सगळे वेदपाठी, ह्याला एकट्याला चाकांचं वेड. कुणा परदेशी प्रवाशाने मायदेशी परतताना आपली गिअरची सायकल विकायला काढली, ती ह्याने घेतली. गल्लीतल्या सांडांनी तुडवू नये म्हणून ती घरात भिंतीला टांगलेली असे. दसऱ्याला आई तिलाही हळदकुंकू लावायची.

अठ्ठ्याऐंशी साली तो आणि त्याचा मित्र बिंदुमाधव बसने बद्रीनाथला निघाले होते. ऋषिकेशच्या पुढे दरड कोसळली, मोटारींची रांग लागली. भोंगे, डिझेलचा धूर, खिडकीतून ओकणारी माणसं. आणि गंगेच्या पलीकडच्या काठाने, डोंगराच्या कडेकडेने एक वाट चालली होती, अगदी रिकामी. मोटाररस्ता होण्यापूर्वी यात्रेकरू त्याच वाटेने पायी जात. वाटेत मुक्कामाला चट्ट्या असत, म्हणजे चार खोल्या, एक दुकान आणि पाण्याचा झरा. मोटारी आल्या आणि तिकडे कुणी फिरकेनासं झालं. दादा परत आला तो ती वाट डोक्यात घेऊनच. "सुमेधा, पलीकडे एक माणूस बकऱ्या घेऊन चालला होता," तो मला म्हणाला. "मधे क्षणभर भोंगे थांबले, तर बकरीच्या गळ्यातली घंटी मला अलीकडे ऐकू आली." त्या वाटेने सायकल न्यायची, लक्ष्मणझुल्यापासून देवप्रयागपर्यंत, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

मग जो भेटेल त्याला विचारणं सुरू झालं. घरी उतरणारे यात्रेकरू, घाटावरचे साधू, पौडीकडचा एक पोस्टमन, कुणाला म्हणून सोडलं नाही. सायकलवाली पोरं पार्सल ऑफिसात आली की हा त्यांना ऐकवायचा, "मोटाररस्त्याला लागूच नका. झुल्यावरून पलीकडे जा. महादेवचट्टीपर्यंत चालेल, पुढे थोडी ढकलावी लागेल. रात्री व्यासघाटला राहा." त्यांच्या सायकलींच्या हँडलांना पोतं गुंडाळून स्वतः डून एक्स्प्रेसमध्ये चढवायचा. पोरं विचारायची, बाबूजी आप कब गये थे? हा पावती फाडायला लागायचा.

स्वतः का गेला नाही, ते सांगते. नव्वद साली नागपूरला एक लग्न होतं. बाबा जायला तयार नव्हते. काशीतल्या म्हाताऱ्या माणसाला एका रात्रीसाठीही काशी सोडायची भीती वाटते. मरण बाहेर आलं तर सगळा जन्म फुकट, अशी त्यांची श्रद्धा. दादानेच आग्रह केला, फुकटचा पास होता. परतीच्या वाटेवर, कटनीच्या अलीकडे, बाबा गाडीत गेले. आईने दादाला एका शब्दानेही दोष दिला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर तिने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची पंचक्रोशी ओलांडायची नाही असा संकल्प. आणि दादाजवळ एकच मागणं मागितलं, "नरू, माझ्या वेळी तू जवळ हवास. तोंडात गंगा तू घालायचीस."

संकल्प आईचा होता. पाळला दोघांनी. त्या दिवसापासून दादाही पंचक्रोशीबाहेर गेला नाही. पहाटे सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरायचा, पंचक्रोशीच्या रस्त्याने थोडं लांब जाऊन यायचा आणि ऑफिसच्या वेळेला परत. "कुंपणावर फिरतोस रे," मी चिडवायची. तो हसायचा. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

खरं म्हणजे आईलाच त्याने जायला हवं होतं. तिने जन्मभर गंगा पाहिली ती इथलीच, रुंद आणि गढूळ. "मी आता काही जात नाही," ती म्हणायची. "तू जा, बघून ये, आणि मला सांग. इथे ती म्हातारी होऊन येते रे. वर पोर असते म्हणतात, निळी. खरं का ते बघ." दरवर्षी दिवाळी झाली, पाऊस सरून पहाडातल्या वाटा सुकल्या, की दादा पास काढायचा, सायकलला तेलपाणी करायचा. मग आई खोकायची किंवा तिला रात्री झोप लागायची नाही, आणि सायकल परत भिंतीवर. "अरे, आठ दिवसांत मी कुठे मरत्येय?" आई कावायची. तो म्हणायचा, "बाबांच्या वेळीही असंच म्हणालो होतो आपण."



पंच्याण्णव साली बिंदुमाधव कंटाळला आणि एकटाच जाऊन आला. आमच्या ओसरीत बसून त्याने सगळं सांगितलं. "एकदम सुनसान, यार. दिवसभरात एक गाडी नाही. नुसती गंगा आणि माझी चेन." मग दादाकडे बघून म्हणाला, "पण टाइम नको घालवू, नरू. खालच्या बाजूने सुरुंग लावतायत. जीपचा रस्ता येतोय. दोन-तीन साल, मग तिकडेही भोंगेच." दादाचा चेहरा उतरला. आईने तो पाहिला, आणि पुढच्या वर्षी तिने चंगच बांधला.

शहाण्णवच्या कार्तिकात तिने स्वतः उठून त्याच्यासाठी दशम्या केल्या, लसणीची चटणी कुटली. मला बोलावून घेतलं, "तू राहा आठ दिवस. ह्याला आता कारण उरता कामा नये." दादाने सायकल आदल्या दिवशीच स्टेशनवर नेली होती. निघायच्या सकाळी तिचं अंग जरा कोमट लागलं. जरा. त्याने थर्मामीटर लावला, काचेकडे बघत बसला. आई म्हणाली, "अरे, मी काशी सोडून जाणार कुठे? जा." तो पाया पडला, "येतो" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, सुटला एकदाचा.

संध्याकाळ व्हायच्या आत पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली. खांद्यावर सायकल. पार्सलच्या डब्यात चढवलेली ती त्याने गाडी सुटता सुटता उतरवून घेतली होती. "का बाबू, फेर उतारीं?" म्हणजे पुन्हा उतरवू का, असं तिथल्या हमालाने विचारलं, ते त्यानेच मला नंतर सांगितलं. आईने दारातून ती सायकल पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. रात्री जेवली नाही. ताप तर दुपारीच उतरला होता. दशम्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या. "ह्याने माझं जगणं ओझं करून टाकलं गं," आई मला म्हणाली. त्यानंतर पहाडाचा विषय तिने काढला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या माघात ती अंथरुणाला खिळली. दादाने रजा टाकली, तिच्या उशाशी बसून राहिला. उठायचा तो फक्त अंघोळीला. एका सकाळी आई म्हणाली, "नरू, पंचगंगा घाटावरचं ताजं पाणी आण." कोनाड्यात गंगाजळी भरलेली होती. मी तसं म्हणणार, तेवढ्यात तिने डोळ्यांनी मला गप्प केलं. तो तांब्या घेऊन उतरला.

"गेला?" आईने विचारलं.

"हो."

"रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघत बसतो गं. माणसाने मरायचं तरी कसं?"

एवढं बोलून ती थोडी हसली. पाणी मागितलं. मी गंगाजळीतलं चमच्याने घातलं, तिने ते गिळलं. जिन्यात दादाची पावलं वाजली तेव्हा ती गेली होती. ज्या घटकेसाठी त्याने एवढी वर्षं काशी सोडली नाही, त्या घटकेला तो घाटाच्या पायऱ्यांवर होता. तांब्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

आई काय म्हणाली ते मी त्याला तेराव्यानंतर सांगितलं. लपवायचं कशाला? तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

वर्षभर यात्रा करायची नसते. नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर तो एकटा गेला. ह्या वेळी सायकल कुणी उतरवली नाही. दशम्या मी केल्या.

परत आला तो काळवंडलेला, गुडघ्याला पट्टी. मी चहा ठेवला आणि विचारलं, "झाली का रे तुझी वाट?"

"बहुतेक सगळी गेली ती," तो म्हणाला. "जीपवाले भोंगे वाजवून बाजूला व्हायला लावतात. बिंदूने सांगितलेला झरा शोधला, तो राडारोड्याखाली. व्यासघाटच्या पुढे मात्र थोडी राहिलीय. रस्ता अजून तिथवर पोचला नाही. एक सबंध सकाळ मी तिथे सायकल चालवली. कुणी नाही. खाली गंगा."

"निळी?"

"निळी. पोरच आहे, सुमेधा. आई म्हणायची तश्शी. उड्या मारत चाललेली." त्याने कप खाली ठेवला. "मी तिला सांगत होतो. आई, हे बघ, इथे दगड पांढरे आहेत. आई, इथे वळण आहे, जरा थांब. मोठ्याने बोलत होतो गं, सगळी सकाळ. रस्त्यावर माणूस नव्हतं, म्हणून बरं झालं."